ताट मोजले, अंथरूण मोजले नाही

गिरणगावाच्या इतिहासात खानावळवालीला आता तिची जागा मिळाली आहे. लालबाग, परळ, नायगाव, डिलाइल रोड या भागांत एका खोलीत चूल मांडून दहा-वीस गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणारी बाई संशोधकांच्या ग्रंथांत भेटते, युनियनवाल्यांच्या आठवणींत भेटते, बँकेच्या कर्जखात्यातही भेटते. त्याच चाळीतल्या बायकांचे दुसरे एक काम मात्र या सगळ्या कागदांतून निसटले आहे. दुपारची भांडी घासून झाली, की जुनी लुगडी जमिनीवर पसरून त्या जी गोधडी शिवत, तिला आपण लोककलेत बसवतो, आजीच्या मायेत बसवतो. मजुरीच्या इतिहासात बसवत नाही. ही वाटणी मला चुकीची वाटते. गोधडी हा खानावळीइतकाच गिरणीच्या अर्थकारणाचा भाग होता. ती इतिहासाबाहेर राहिली याचे कारण हिशेबाच्या रीतीत आहे. जेवणाचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजून हातात येत, अंथरुणाचे पैसे असे कुणी कधी मोजलेच नाहीत.

मुळापासून पाहायचे तर मुंबई हे शहर पुरुषांचे होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुरांडी उभी राहिली. त्यांत कामाला आलेला माणूस रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा, पुणे जिल्ह्याचा. तो एकटा आला. बायको, पोरे, म्हातारे आईबाप आणि असलाच तर जमिनीचा तुकडा गावी राहिला. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशे होत्या, आणि दर दहा बिऱ्हाडांतली सात एका खोलीत होती. एका गावचे लोक मिळून एक गाळा घेत. भिंतीला ट्रंका लावलेल्या, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्यांची रास. रातपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याची रिकामी झालेली जागा त्याची. गिरणीचा पगार ठरला तो या एकट्या माणसाच्या खर्चावर. त्याचे कुटुंब गावी शेतावर भागवून घेईल आणि इथे त्याचे खाणे-झोपणे कमीत कमी पैशांत उरकेल, हे त्या पगारात न लिहिता धरलेले होते. ते कमीत कमी पैशांत उरकण्यासाठी कुणाचे तरी कष्ट लागत होते. ते कष्ट बायकांचे होते, काही मुंबईत राहणाऱ्या आणि काही गावी राहिलेल्या.

खानावळीचे काम कसे चाले ते आता बऱ्यापैकी माहीत आहे. गिरगावात, खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमासारखी पाटी लावलेली, गिऱ्हाईक रस्त्यावरून आत येईल अशी जेवणघरे होती; कारकून, विद्यार्थी, नाटकमंडळींतली माणसे तिथे जेवत. गिरणगावातली खानावळ बहुतेक बिनपाटीची. एकाने दुसऱ्याला आणायचे, ओळख गावाची किंवा खात्याची. जेवणारे बाईला मावशी म्हणत, वहिनी म्हणत, आणि हे नाते बोलण्यापुरते नव्हते, कारण सगळा व्यवहार उधारीवर होता. पगार महिन्यातून एकदा, तोही पुढच्या महिन्यात बरेच दिवस गेल्यावर. म्हणजे नवा माणूस रुजू झाला की मावशी त्याला महिनाभर आणि वर काही दिवस पदरचे घालणार. तिला तांदूळ, डाळ, सुकी मासळी वाण्याकडून उधार घ्यावी लागे आणि त्या उधारीवर व्याज चढे. जेवणारा गावी गेला, आजारी पडला, तर खाडा धरायचा. पण चुलीवर चढलेल्या भाताला खाडा नसतो. सकाळी सातच्या पाळीचे डबे भरायचे म्हणजे तिचा दिवस पहाटेच्या भोंग्याच्याही आधी सुरू होई. तिची बचत काय, तर तिच्या स्वतःच्या घरचे चार तोंडांचे जेवण त्या मोठ्या पातेल्यातून निघत असे. बहुतेक घरांत नफा म्हणायचा तो इतकाच.

ही बाई कागदावर आली ती संपांमुळे. १९२८ चा संप सहा महिने चालला. पगार बंद, वाण्याचा हात आखडलेला, आणि खानावळीत जेवणारे मात्र ओळखीचे. त्यांना दारातून परत पाठवायचे कसे? पुढच्या प्रत्येक मोठ्या संपात हाच प्रश्न मावशीपुढे उभा राहिला. १९७४ च्या सुरुवातीचा ४२ दिवसांचा संप संपला तेव्हा अनेक जणी वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. गोवा मुक्तिसंग्रामात तरुणपणी उतरलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिले. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी होते. राष्ट्रीयीकृत बँकांनी गरिबांना कर्ज द्यावे हे धोरण तेव्हा नवे होते. १९७५ साली १४ खानावळवाल्यांपासून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झाले. तारण काही नाही, एकीला दुसरी जामीन. बँकेपुढे उभे राहायचे तर बाईला सांगावे लागले, की जेवणारे किती, महिन्याची जमा किती, उधारी किती. त्या दिवसापासून घरचा स्वयंपाक हा धंदा ठरला. काम आदल्या दिवशीचेच होते, फक्त आता त्याला आकडा लागला होता.

आता अंथरुणाकडे येऊ. मुंबईच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या ज्या पाहण्या केल्या, त्या या विषयात फार बोलक्या आहेत. १९२१-२२ च्या पाहणीत खर्चाचा सुमारे ५७ टक्के भाग खाण्यावर, दहा टक्क्यांच्या आसपास कपड्यांवर, आठ टक्क्यांच्या आसपास भाड्यावर जातो असे दिसले. दहा-अकरा वर्षांनी झालेल्या दुसऱ्या पाहणीत अंथरूण-पांघरूण आणि घरातल्या किरकोळ वस्तूंचा रकाना वेगळा आला, तर त्यात पडलेला आकडा एका टक्क्याचाही अगदी लहान अंश. घाईने वाचणारा म्हणेल, ही माणसे इतकी गरीब होती की अंथरुणाशिवाय झोपत. ते खरे नाही. कोब्याच्या किंवा फरशीच्या जमिनीवर, पावसाळ्याचे चार महिने ओल धरणाऱ्या खोलीत, आठ-दहा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस काहीतरी अंथरूनच झोपत होता. ते अंथरूण बाजारातून आले नव्हते, म्हणून जमाखर्चात आले नाही. त्या रकान्यातली जवळजवळ पोकळ जागा ही गोधडी शिवणाऱ्या बाईच्या कामाची नोंद आहे. सरकारी अहवालाने ती करायची म्हणून केली नाही, इतकेच.

यावर पहिली हरकत येते ती हवेची. मुंबईत थंडी किती, आणि गोधडीची गरज किती? देशावर, सातारा-कोल्हापूरकडे पौष-माघातली रात्र गोधडीशिवाय निघत नाही हे खरे. पण मुंबईत गोधडी आधी अंथरायची वस्तू होती, पांघरायची नंतर. आणि त्या खोल्यांचा विचार केला तर तिच्याइतके सोयीचे अंथरूण दुसरे नव्हते. कापसाची गादी जड, गुंडाळून कोपऱ्यात उभी करता येत नाही, दर दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याला बोलवावे लागते, तिच्यात एकदा ढेकूण शिरले की निघत नाहीत, आणि ती धुता येत नाही. गोधडी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवता येते, गच्चीवर उन्हात टाकता येते, सकाळी घडी घालून फळीवर ठेवली की त्याच जमिनीवर स्वयंपाक मांडता येतो. एका खोलीत दिवसा खानावळ आणि रात्री सात जणांचे झोपणे हा जो चमत्कार गिरणगावाने शंभर वर्षे रोज केला, तो घडी होणाऱ्या अंथरुणावाचून झाला नसता. चुलीपुढे पंगत बसवायची तर जमीन रिकामी हवी, आणि जमीन रिकामी व्हायची तर अंथरूण हातभर जागेत मावायला हवे. एकीकडे पाहिले की दुसरी दिसतेच. दोन्ही कामे एकाच दहा-बारा फुटांच्या जमिनीवर, एकमेकींना जागा देत चालत होती.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. खानावळीत धान्य विकत आणावे लागे, माल होता, भांडवल होते. गोधडी तर चिंध्यांची, तिच्यात घातले काय? याचे उत्तर बोहारणीच्या पाटीत आहे. जुने लुगडे मुंबईत फुकट कधीच नव्हते. दारोदार फिरणारी बोहारीण त्याच्या बदल्यात आधी कपबशी, जर्मनचे पातेले, पुढे स्टीलची भांडी देत असे, आणि तिने गोळा केलेल्या जुन्या कापडाचा मोठा बाजार होता. गिरण्यासुद्धा कापडाचे तुकडे टाकून देत नव्हत्या. फेंट, रॅग, चिंधी अशा लांबीप्रमाणे प्रती लावून ते विकले जात, आणि सरकारी नियमांतही या प्रतींच्या व्याख्या होत्या. तेव्हा ज्या बाईने चार जीर्ण लुगडी आणि दोन धोतरे गोधडीत घातली, तिने तेवढ्या किमतीचे भांडे सोडून दिले. हे भांडवलच झाले. त्यात तिचे कौशल्य धरा: कुठले कापड आत घालायचे, कुठले वर, काठ कुठे वळवायचा, म्हणजे झिजणाऱ्या कडेला जाड पट्टी येईल, आतले थर सरकू नयेत म्हणून कडेपासून आत येत धावदोऱ्याच्या ओळी किती जवळ घालायच्या. दाट टाक्याची गोधडी वर्षानुवर्षे धुण्याला टिकते, विरळ टाक्याची लवकर गोळा होते. आणि वेळ तर इतका, की दुपारच्या दोन-अडीच तासांत शिवणारीला एका मोठ्या गोधडीला आठवडे लागत.

तिसरी हरकत अशी, की गोधडी ही गावाची रीत; ती मुंबईने घडवली नाही, ट्रंकेबरोबर गावाहून आली. आली खरी. पण मला वाटते या हरकतीतून मूळ मुद्दा पक्काच होतो. गिरणीत कामाला लागणारा तरुण बोटीने किंवा घाटावरच्या गाडीने मुंबईला येताना वळकटीत आईने किंवा बायकोने शिवलेली गोधडी घेऊन येत असे. म्हणजे गिरणीमालकाला जो कामगार मिळाला, तो अंथरुणासकट मिळाला, आणि त्या अंथरुणाची मजुरी रत्नागिरीतल्या किंवा साताऱ्यातल्या एखाद्या बाईने भरली होती. मुंबईतली बाई ताट देत होती, गावची बाई अंथरूण देत होती, आणि एका माणसाचा पगार दोघींच्या कामावर उभा होता. ज्यांचे कुटुंब पुढे मुंबईत आले त्यांच्या घरी दोन्ही कामे एकाच बाईच्या अंगावर पडली. शेजारणीकडे बाळंतपण असले की दुपटे, कुंची, लहान गोधडी शिवून द्यायची. एखादीचा हात सुबक असला तर चाळीतल्या इतर जणी आपली लुगडी तिच्याकडे आणून देत, आणि ती कधी पैसे, कधी धान्य, कधी पुढच्या अडीनडीचा शब्द घेऊन शिवून देई. गिऱ्हाईकाने आपले कापड आणायचे, आपले माप सांगायचे आणि ओळखीच्या हातून करून घ्यायचे, ही शिंप्याच्या दुकानाचीच रीत आहे. फक्त दुकान नव्हते.

आणखी एक आक्षेप मनावर घ्यायलाच हवा, कारण तो या बायकांच्या बाजूने घेतलेला असतो: या कामांचे गोडवे गाऊ नका, ती मजबुरी होती. मान्य आहे. शिवाय ही मजबुरी कुठून आली हेही इतिहासात आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, रात्रीच्या कामावर बंदी होतीच, आणि त्याच सुमारास यंत्रे व माणसे कमी-जास्त करण्याची जी लाट आली तिने बायकांची खाती आधी आकसली. मालकाने भत्ता देण्यापेक्षा बाई न घेणे पसंत केले. पुढच्या चाळीस वर्षांत गिरणीतल्या बायकांचे प्रमाण घसरत घसरत अगदी थोडे उरले. गिरणीच्या दारातून बाहेर पडलेली बाई रिकामी बसली नाही, ती चुलीपुढे आणि सुईपुढे बसली. म्हणून घरातल्या या कामाला गिरणीबाहेरचे म्हणता येत नाही. गिरणीने पगारावरून काढलेलेच काम बिनपगारी होऊन चाळीत परत आले. त्याची मजुरी मोजायची मागणी करणे म्हणजे गोडवे गाणे नव्हे.

मोजणीने काय फरक पडतो याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. गिरगावातच १९५९ साली सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचे लिज्जत झाले. पापडही घरोघर लाटला जात होताच. लाटणाऱ्या बाईला नगाप्रमाणे किंवा वजनाप्रमाणे मजुरी मिळू लागली, तसा तो उद्योग म्हणून ओळखला गेला. गोधडीचे नातेवाईकही जगात आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या काळ्या शेतमजूर बायका फाटक्या कामाच्या कपड्यांतून अशीच पांघरुणे शिवत. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, त्यांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली आणि त्यांच्या कामाला भाव मिळाला. २००२ मध्ये त्याच भागातल्या जीज बेंडच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. बंगालच्या कांथ्याला गुरुसदय दत्त यांच्यासारखा संग्राहक शंभर वर्षांपूर्वी भेटला. महाराष्ट्राच्या गोधडीला गीता खंडेलवाल यांच्या ग्रंथासारखे मोलाचे काम मिळाले ते बरेच उशिरा, आणि तेही कापड आणि टाक्यांच्या सौंदर्याच्या अंगाने. ते अंग महत्त्वाचे आहे. मात्र सौंदर्याचा इतिहास लिहिला की शिवणारी कलावंत होते, आणि तिने ते कुणासाठी, कुठल्या पगाराला ठिगळ लावायला शिवले हा प्रश्न मागे पडतो.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले अनेक जण गावी गेले ते परतलेच नाहीत. खानावळींची उधारी त्यांच्याबरोबर गेली. अन्नपूर्णेसारखी संस्था टिकली ती कचेऱ्यांच्या जेवणाकडे आणि इतर मागण्यांकडे वळून. गोधडीवर याच वर्षांत वेगळ्या बाजूने घाव पडत होता. नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या घरोघर आल्या. सुती लुगडे जितके धुवावे तितके मऊ होते, घाम टिपते आणि थराला थर धरून राहते. नायलॉनची साडी निसरडी, टाक्यात सरकते, घाम टिपत नाही. त्या काळातल्या गोधडीचे थर उसवले तर गिरणगावाच्या कापडाचा इतिहास आतून बाहेर वाचता येईल: तळाशी जाडे सुती लुगडे, मग छापील पातळ, वर चकचकीत कृत्रिम धागा. ज्या गिरण्यांचे कापड आत होते त्या गिरण्याच एकेक करून बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्सच्या जागी मॉल झाला.

आज गोधडी पुन्हा मागणीवर शिवली जाते. आईच्या वापरलेल्या साड्या किंवा मुलांचे लहानपणचे कपडे नेऊन द्यायचे आणि त्यांची गोधडी करून घ्यायची, अशी रीत मुंबई-पुण्यात बरीच रुळली आहे. किंमत ऐकून काही लोक दचकतात. त्या किमतीत मला अन्याय दिसत नाही, कारण शिवणारीच्या तासांचे पैसे त्यात पहिल्यांदाच दिसू लागले आहेत, आणि तरीही बहुतेक ठिकाणी ते तास कमीच धरलेले असतात.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवून २००४ मध्ये जे पुस्तक दिले, त्याने एक वाट घालून दिली आहे: कागदात नसलेले माणसांना विचारावे. आता ऐंशीच्या घरातल्या ज्या बायका लालबाग-काळाचौकीत, किंवा घर सुटल्यावर विरार-बदलापूरकडे आहेत, त्यांना खानावळीबद्दल विचारताना गोधडीबद्दलही विचारायला हवे. कुणाची लुगडी, कुणासाठी शिवली, बदल्यात काय मिळाले, किती दुपारी लागल्या. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय योजले आहे. तिथे चाते आणि साचे असतीलच. त्यांच्या शेजारी खाडे लिहिलेली एक खानावळीची वही आणि शिवणारीच्या नावाच्या, कापडाच्या आणि तासांच्या नोंदीसकट एक वापरलेली गोधडी मांडावी, आणि ती हस्तकलेच्या दालनात न ठेवता पगारपत्रकांच्या दालनात ठेवावी.